गाठ आणि तार

मराठीत 'गाठ' हा शब्द फार कामाचा आहे. लग्नाची गाठ असते, मनाशी गाठ बांधता येते, जुना मित्र रस्त्यात भेटला की गाठ पडते आणि अडीअडचणीला गाठीला चार पैसे असावे लागतात. पण हाच शब्द डॉक्टरांच्या तोंडून आला, की घरातल्या माणसांच्या तोंडचं पाणी पळतं. 'गाठ आहे' एवढंच ऐकू येतं. त्यापुढं डॉक्टर काय बोलले, ते नंतर कोणालाच आठवत नाही.

आमच्या घरात हा शब्द दोनदा आला. पहिल्यांदा १९७९ साली मिरजेत, दुसऱ्यांदा २०१८ साली साताऱ्यात. पहिल्या वेळी माझी फुफी होती, म्हणजे वडिलांची बहीण. दुसऱ्या वेळी माझी थोरली बहीण. तिला आम्ही सगळे आपा म्हणतो. दोघींचीही गाठ मूत्रपिंडात होती आणि दोघींचीही गाठ कर्करोगाची नव्हती. फुफीचं मूत्रपिंड गेलं. आपाचं वाचलं.

दोघींच्या मध्ये नेमकं काय घडलं, हे मी नंतर शोधत बसलो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. शास्त्राच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत असे. तरी जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण ही गोष्ट नुसत्या यंत्रांची नाही. कापायचं कधी आणि हात आवरायचा कधी, हे माणूस कसा शिकला, त्याची ही गोष्ट आहे.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये या भागात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांचं रुग्णालय उभं राहिलं. पुढं जवळजवळ चाळीस वर्षं ते याच गावात राबले. वैद्यकीय शाळा काढली, कुष्ठरोग्यांसाठी आसरा उभा केला, क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम बांधलं. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. १९२८ मध्ये इंग्रज सरकारनं त्यांना 'सर' हा किताब दिला. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळं कर्नाटकातून, कोकणातून, देशावरून रोगी गाडीत बसून इथं येत. १९६२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही इथंच झालं. 'मिरजेला दाखवून या' हे वाक्य आमच्या मुलखात पिढ्यान् पिढ्या बोललं गेलं आहे.

तर अशा गावात आमची फुफी आजारी पडली. मी सातवीत होतो. तिच्या कुशीत दुखायचं आणि एकदा लघवीतून रक्त गेलं. दवाखान्यात शिरेतून औषध देऊन क्ष-किरणांचे फोटो काढले. त्यात उजव्या मूत्रपिंडाचा आकार एका बाजूनं दबलेला दिसला. म्हणजे आत काहीतरी होतं. काय होतं, ते त्या फोटोत कळत नव्हतं. तेव्हाच्या डॉक्टरांपुढं एकच रस्ता होता. पोट उघडायचं, आणि मूत्रपिंडात घट्ट गाठ लागली तर कर्करोग धरून सगळं मूत्रपिंड काढायचं. तसंच झालं. काढलेलं मूत्रपिंड तपासायला गेलं आणि काही दिवसांनी कागद आला. कर्करोग नाही, असं त्यावर लिहिलं होतं आणि एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. वडिलांनी तो कागद घडी घालून ट्रंकेत ठेवला. घरात पेढे वाटले. कर्करोग नाही म्हणजे केवढी आनंदाची गोष्ट! पण मग मूत्रपिंड कशासाठी गेलं, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. विचारून उपयोगही नव्हता. डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांना दिसतच नव्हतं.

शरीराच्या आत बघायचं तर शरीर उघडायचं, हा वैद्यकाचा शतकानुशतकांचा नियम होता. मूत्रपिंड काढण्याची पहिली ठरवून केलेली शस्त्रक्रिया २ ऑगस्ट १८६९ रोजी जर्मनीत हायडेलबर्गला झाली. गुस्टाव्ह सायमन यांनी ती केली. एका मूत्रपिंडावर माणूस जगतो का, याची तेव्हा कोणालाच खात्री नव्हती, म्हणून त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून पाहिले होते. ती बाई जगली. त्याच्याही आधी, १८५६ मध्ये, लाइपझिगचे कार्ल वुंडरलिश यांनी एक विचित्र आजार नोंदवला होता. मार नाही, पडणं नाही, आणि एकाएकी मूत्रपिंडाभोवती रक्त साचतं. कुशीत असह्य कळ येते आणि माणूस पांढराफटक पडतो. ताप मोजायला थर्मामीटर वापरण्याची सवय डॉक्टरांना लावणारे हेच ते वुंडरलिश. अशा रक्तस्रावामागं मूत्रपिंडातली फुटलेली गाठ असू शकते, आणि ती गाठ बहुतेकदा आमच्या फुफीला झाली तशीच असते, हे पुढं कळलं.

मग ८ नोव्हेंबर १८९५ चा दिवस आला. व्हुर्त्सबुर्गच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडं दिसली, अंगठी दिसली. पण क्ष-किरणांना हाड दिसतं, रक्तवाहिनी दिसत नाही. यावरही उपाय लगेच निघाला. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८९६ मध्ये, व्हिएन्नातल्या दोघांनी मृत माणसाच्या हाताच्या रक्तवाहिन्यांत चुना आणि हिंगूळ घातलेलं मिश्रण भरलं आणि फोटो काढला. हातातल्या सगळ्या वाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या उमटल्या. मेलेल्या हातात हे जमलं. जिवंत माणसाच्या रक्तात घालता येईल असं औषध सापडायला आणखी तीस वर्षं लागली. १९२७ मध्ये लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतलं, आणि १९२९ मध्ये त्याच शहरातल्या रेनाल्डो दोस सांतोस यांनी पाठीतून सरळ महाधमनीत लांब सुई घालून पोटातल्या धमन्यांचं. मूत्रपिंडाची धमनी जिवंतपणी पडद्यावर आली ती अशी.

पण पाठीतून महाधमनीत सुई खुपसणं हे काही रोज उठून करण्यासारखं काम नव्हे. मांडीच्या सांध्यातल्या धमनीतून बारीक नळी वर सरकवत न्यावी, असं पुष्कळांना वाटत होतं. अडचण साधी होती. नळी आत जायची तर तिच्यापेक्षा जाड सुई हवी, आणि जाड सुईनं धमनीला मोठं भोक पडतं. १९५३ मध्ये स्टॉकहोमच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी ही अडचण सोडवली. बारीक सुई टोचायची. सुईतून एक लवचिक तार आत सरकवायची. सुई काढून घ्यायची, तार तिथंच ठेवायची. मग त्या तारेवरून नळी ओवत आत न्यायची आणि शेवटी तार काढून घ्यायची. झालं. ही युक्ती इतकी सोपी होती, की डॉक्टरेटच्या प्रबंधाला ती पुरेशी नाही असं सेल्डिंगरांना सांगण्यात आलं. त्यांनी पुढं दुसऱ्याच विषयावर प्रबंध लिहिला. आज जगातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात रोज ही तार आत जाते. आपल्या ओळखीत ज्यांची अँजिओग्राफी झाली, त्या सगळ्यांच्या अंगात ही तार जाऊन आली आहे.

तारेची गोष्ट मला जवळची वाटते, कारण मी तारांच्या गावचा आहे. मिरजेची सतारमेकर गल्ली तुम्हाला ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून इथं वाद्यं घडायला लागली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचं काम सुटलं तसे त्यांचे हात सतारीकडं, तंबोऱ्याकडं वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या हातांनी तलवारी घासल्या, त्यांनी तारा जुळवल्या, याचा मला लहानपणापासून अभिमान वाटत आला आहे.

म्हणून चार्ल्स डॉटर या अमेरिकन डॉक्टरांची हकिकत वाचली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंडचे हे डॉक्टर. धमनीत घालायच्या तारा-नळ्या बाजारात मिळत नसत, तेव्हा त्यांनी गिटारच्या तारा वापरून पाहिल्या, मोटारीच्या स्पीडोमीटरची केबल वापरून पाहिली. १६ जानेवारी १९६४ रोजी त्यांच्यापुढं ८२ वर्षांची एक बाई होती. पायाला रक्त पोचत नव्हतं, बोटं काळी पडली होती. पाय कापायला ती तयार नव्हती. डॉटर यांनी तिच्या धमनीतल्या अडथळ्यातून तार नेली, तारेवरून नळ्या नेल्या आणि वाट मोकळी केली. ती बाई पुढं जगली तोवर स्वतःच्या पायांवर चालली. जी नळी तोवर फक्त बघण्यासाठी जात होती, तिनं उपचार केला.

मी ही हकिकत गल्लीतल्या एका बुजुर्ग कारागिराला सांगितली. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "तार घालणं अवघड नाही, कवीसाब. पण तिचं टोक कुठं पोचलं, ते त्यांना कसं कळतं?"

चाचांनी नेमकं बोट ठेवलं होतं. सगळा इतिहास त्या एका प्रश्नात आहे. बघत बघत करायचं. डोळ्यापुढच्या पडद्यावर टोक दिसलं पाहिजे. म्हणूनच या शाखेत सर्जन आणि क्ष-किरणांचे डॉक्टर एकाच माणसात एकत्र आले. त्यांना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणतात. याला अजून आपल्याकडं सुटसुटीत मराठी शब्द नाही. बघून उपचार करणारे डॉक्टर, एवढं म्हटलं तरी चालेल.

वाट उघडता येते तशी ती बंदही करता येते. डॉटर यांच्याच रुग्णालयात, प्रागहून आलेल्या योसेफ रोश यांनी आणि त्यांनी मिळून पोटात रक्तस्राव होणाऱ्या रोग्याच्या नेमक्या त्याच धमनीत त्याच्याच रक्ताची गुठळी नळीवाटे सोडली आणि रक्त थांबवलं. ही नोंद १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७३ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडातल्या कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा असाच बंद करून पाहिला. त्याच दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत साध्या गाठीतला रक्तस्राव थांबवायला वापरली गेली. म्हणजे फुफीचं पोट उघडलं गेलं, तेव्हा जगात दुसऱ्या टोकाला हा रस्ता सापडलेला होता.

पण रस्ता असून भागत नाही. आतली गाठ साधी आहे की वाईट, हे न कापता कळल्याशिवाय तिला राखायचं धाडस कोण करणार? ते कळायला आणखी दोन यंत्रं लागली.

पहिलं यंत्र आवाजाचं. ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यातलं, पोलादातली चीर शोधणारं यंत्र वापरून पाहिलं. शस्त्रक्रियेतून काढलेल्या गाठी त्यांनी त्या यंत्राखाली ठेवल्या. किर्लोस्करवाडीत ओतकामाला आयुष्य घातलेल्या माणसाला हे लगेच उमजेल. बाहेरून धड दिसणाऱ्या लोखंडात आत पोकळी असू शकते, आणि आवाज ती सांगतो. १९५८ मध्ये डोनाल्ड यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला आणि सोनोग्राफी जन्माला आली.

दुसरं यंत्र सीटी स्कॅनचं. ते बनवलं गॉडफ्री हाऊन्सफिल्ड यांनी. शेतकऱ्याचा हा मुलगा इंग्लंडात ईएमआय कंपनीत नोकरीला होता. तीच ईएमआय, जिच्या रेकॉर्डवर भोंग्यापुढं बसलेला कुत्रा असे. घराघरांत गाणं पोचवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत हे यंत्र तयार झालं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रोग्याच्या मेंदूचं चित्र निघालं. या यंत्रात शरीराच्या प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाणी शून्य. हवा उणे हजार. हाड शेकड्यांच्या घरात, अधिक बाजूला. आणि चरबी पाण्याच्या खाली, उणे शंभराच्या आसपास. या आकड्यांना हाऊन्सफिल्ड यांचंच नाव आहे.

फुफीच्या कागदावरचं ते लांबलचक नाव होतं 'अँजिओमायोलायपोमा'. शब्द फोडला तर सोपा आहे. रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी, या तिन्हींची मिळून झालेली गाठ. मूत्रपिंडात साध्या गाठी इतरही होतात, पण ही एक अशी आहे, की तिच्यातली चरबी सीटी स्कॅनवर उणे आकडा दाखवते. मूत्रपिंडाच्या कर्करोगात अशी चरबी सहसा नसते. त्यामुळं बहुतेक वेळा नुसत्या चित्रावरून ओळख पटते, सुईनं तुकडाही काढावा लागत नाही. काही गाठींत चरबी फारच थोडी असते, तिथं मात्र घोळ होतो आणि पुढची तपासणी लागते.

हाऊन्सफिल्ड यांना अॅलन कॉरमॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं ते वर्ष होतं १९७९. त्याच वर्षी मिरजेत आमच्या फुफीचं मूत्रपिंड निघालं. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्ञान आणि माणूस एकाच वर्षात होते, फक्त एकाच गावात नव्हते. फुफी पुढं एका मूत्रपिंडावर व्यवस्थित जगली. तसं पुष्कळ लोक जगतात. पण तिला मधुमेह झाला, राहिलेलं मूत्रपिंड थकत गेलं, आणि तेव्हा दुसरं नव्हतं. २००१ मध्ये ती गेली.

आता आपाकडं येतो. आपा लग्नानंतर साताऱ्यात स्थायिक झाली. जिल्ह्यातल्या शाळांत शिक्षिका म्हणून तिची नोकरी झाली. २०१८ च्या पावसाळ्यात तिच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. आधी गॅस समजून ओवा-सोडा झाला. मग सोनोग्राफी केली. पडद्यावर मूत्रपिंडात पांढरी, चकाकणारी गाठ दिसली. ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरांनी मूत्रपिंड काढावं लागेल, असं सांगून तारीखही दिली. आपानं मला फोन केला. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "फुफीसारखंच आहे रे."

त्या रात्री मी ट्रंक उघडली. कागद पिवळा पडला होता, पण टंकलेली अक्षरं शाबूत होती. तो घेऊन मी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला गेलो. आपाचा सीटी स्कॅन झाला आणि त्याच्या अहवालात तेच लांबलचक नाव निघालं. फरक एवढाच, की या वेळी ते मूत्रपिंड पोटात असतानाच कळलं होतं. सीटी स्कॅनच्या डॉक्टरांनी तो जुना कागद वाचला. एकाच घरात दोघींना म्हणून त्यांनी ट्युबरस स्क्लेरोसिस नावाचा जन्मजात आजार नाही ना, तेही तपासून घ्यायला सांगितलं. तो नव्हता. अशा गाठींपैकी साधारण पाचव्या हिश्श्याच्या मागं तो आजार असतो. बाकीच्या अशाच होतात, आणि बायकांना जास्त होतात. आमच्याकडं तो योगायोग होता.

मग त्यांनी जे समजावलं ते मला तोंडपाठ आहे. ते म्हणाले, "या गाठीची भीती कर्करोगाची नाही, फुटण्याची आहे. हिच्यातल्या रक्तवाहिन्या कच्च्या भिंतीच्या असतात. त्यांना फुगवटे येतात. दोन्ही मूत्रपिंडांतून मिळून मिनिटाला लिटरभर रक्त जातं. फुगवटा फुटला तर काय होईल ते बघा. पण त्यासाठी सगळं मूत्रपिंड कशाला काढायचं? पाटाचं पाणी एका चारीला बंद करता येतं की!"

कृष्णाकाठच्या माणसाला यापेक्षा सोपं करून कोणी सांगणार नाही. पाट चालू ठेवायचा, नको त्या चारीच्या तोंडाला माती लावायची.

प्रत्येक गाठीला हेही करावं लागत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी जुन्या नोंदी चाळून चार सेंटीमीटरची रेघ सुचवली. त्याहून लहान गाठ सहसा त्रास देत नाही, तिच्यावर नुसती नजर ठेवावी. पुढं लक्षात आलं, की गाठीच्या आकारापेक्षा आतला फुगवटा महत्त्वाचा. तो पाच मिलिमीटरहून मोठा असेल तर धोका जास्त. बाईला दिवस जाणार असतील, किंवा जिथून दवाखाना लांब आहे अशा गावात ती राहत असेल, तर तेही डॉक्टर विचारात घेतात. आज तर चार सेंटीमीटरच्या वरच्या गाठीही, फुगवटा नसेल तर, पुष्कळदा नुसत्या बघत ठेवतात. आपाची गाठ सहा सेंटीमीटरची होती आणि आत फुगवटा होता. म्हणून चारी बंद करायचं ठरलं.

त्यासाठी आम्ही पुण्याला गेलो. खंबाटकीच्या घाटात आपा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "मिरजेला सगळ्या जगाचे लोक येतात आणि मी मिरजेची असून पुण्याला निघालेय." मी हसलो, पण ते खरं होतं. यंत्रं आता बऱ्याच ठिकाणी आली आहेत. तार चालवणारे हात अजून थोडे आहेत.

आपाला भूल दिली नाही. जांघेपुरती जागा बधिर केली. सुई, तार, नळी, सगळं सेल्डिंगर यांनी सांगितलं त्याच क्रमानं. मग औषध सोडलं आणि पडद्यावर मूत्रपिंडाच्या धमन्या उमटल्या. आपा जागी होती, तिनंही पाहिलं. नंतर ती सांगत होती, "झाडच दिसत होतं. आणि एका फांदीवर बांडगूळ. आपल्या आंब्यावर यायचं ना, तसं." त्या फांदीपर्यंत त्यांनी मिलिमीटरहूनही बारीक नळी नेली आणि वाळूहून बारीक कण सोडले. बांडगुळाकडं जाणारं रक्त थांबलं. बाकीचं झाड तसंच राहिलं. तासा-दीड तासात सगळं आटोपलं. जांघेत टाका नाही, नुसती पट्टी. दोन दिवस ताप आला, कुशीत दुखलं. तसं होतंच, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. चौथ्या दिवशी आपा साताऱ्यात होती.

ही जादू नाही, हेही सांगितलं पाहिजे. गाठ नाहीशी होत नाही, हळूहळू आक्रसते. त्यातली चरबी तर फारशी हलत नाही. काहींच्या गाठीला पुन्हा रक्त मिळायला लागतं आणि पुन्हा तार घालावी लागते. तपासणीचं औषध मूत्रपिंडाला सोसवेल ना, हे आधी बघावं लागतं. गाठीचा नेमका प्रकार संशयास्पद असेल, किंवा फार क्वचित होणारा वाईट जातीचा असेल, तर शस्त्रक्रियाच योग्य ठरते, आणि तीही आता मूत्रपिंड राखून, फक्त गाठीपुरती करता येते. लहान गाठ सुईनं जाळण्याची किंवा गोठवण्याची पद्धतही आहे. ट्युबरस स्क्लेरोसिसच्या रोग्यांसाठी २०१२ पासून गोळी आहे. त्यामुळं कोणी माझं ऐकून डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये. एवढं मात्र जरूर विचारावं: "ही गाठ कोणती आहे, ते न कापता कळेल का? आणि मूत्रपिंड राखता येईल का?" दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेण्यात पहिल्यांचा अपमान नसतो. खर्चाची चिंता असेल तर सरकारी योजनेत हे बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

शेवटी एक गोष्ट मनात आहे, ती बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपाच्या वर्गात 'नकुशी' नावाच्या मुली असत. मुलगा हवा असताना झालेली, नको असलेली, म्हणून नकुशी. हजेरी घेताना ते नाव उच्चारायला जीभ वळायची नाही, असं आपा सांगते. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली. आपा त्या दिवशी फार आनंदात होती. पण नकुशी निदान जन्माला तरी आली होती. मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला मार्च २०१७ मध्ये ओढ्याकाठी एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले. गर्भपात करताना एक बाई दगावली म्हणून ते उघडकीला आलं. १९९४ चा कायदा होता. तरीही मुलींना शोधून काढायला आपल्या मुलखात याच आवाजाच्या यंत्राचा वापर झाला.

ज्या यंत्रानं आपल्याकडं कित्येक मुलींचा जीव घेतला, त्याच यंत्रानं म्हैसाळनंतर वर्षाच्या आत-बाहेर माझ्या बहिणीची गाठ दाखवली. यंत्र दोन्ही वेळा खरंच बोललं. फरक बघणाऱ्यात होता. एकानं बघितलं आणि जे जगायला हवं ते काढून टाकलं. दुसऱ्यानं बघितलं आणि जे काढायची सगळ्यांना घाई होती, ते राखलं. राँटगेनपासून हाऊन्सफिल्डपर्यंत सगळ्यांनी मिळून माणसाला आत बघायला शिकवलं. बघितल्यावर काय करायचं, ते त्यांच्या यंत्रात नाही. ते आपल्यालाच शिकावं लागतं.

गेल्या महिन्यात आपा मिरजेला आली होती. दर वर्षी सोनोग्राफी होते. गाठ आता निम्म्याहून लहान झाली आहे. मीरासाहेबांच्या दर्ग्यावर चादर चढवून आम्ही सतारमेकर गल्लीतून परत येत होतो. चाचा एका तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. घोडीवर कानस एकदा फिरवायची, तार छेडून ऐकायची, पुन्हा किंचित फिरवायची. कानस अंमळ जास्त फिरली तर आवाज मरतो, मग ती घोडी टाकूनच द्यावी लागते. आपानं विचारलं, "चाचा, किती घासायचं ते तुम्हाला कसं कळतं?"

"घासायचं कोणालाही कळतं, बेटा," चाचा म्हणाले. "थांबायचं शिकायला माझी चाळीस वर्षं गेली."

आपानं माझ्याकडं पाहिलं. फुफीपासून आपापर्यंत आमच्या घरालाही तेवढीच वर्षं लागली होती.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)